गाय खाईल असा द्रोण

आमच्या सासरी माझ्याबद्दल दोन मतं आहेत. एक, ही बाई हुशार आहे. दोन, हिच्या हुशारीला एकटं सोडू नये. दुसरं मत माझ्या थोरल्या जाऊबाईंचं आहे आणि ते त्यांनी कुठून आणलं, ते सांगायला बसले आहे. माझी बाजू मांडायची म्हणून नव्हे. माझी बाजू मांडण्यासारखी नाहीच.

मी धुळ्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. माहेर रावेरचं, केळीतलं. सासर धुळे आणि अमळनेर यांच्या मधलं एक गाव, कपाशीतलं. दोन्हीकडच्या बोलीत इतका फरक, की लग्नानंतर मी तोंड उघडलं रे उघडलं की स्वयंपाकघरात हशा व्हायचा. मला राग पटकन येतो. मी चिडून पुस्तकातली मराठी धरली, ती आजपर्यंत सोडलेली नाही. ती ऐकून जाऊबाईंनी मला 'मास्तरीन' म्हणायला सुरुवात केली आणि मग साऱ्या गावाने तेच उचललं.

जाऊबाईंना सगळं गाव अक्का म्हणतं. वयाने मोठी माणसंसुद्धा. अक्का बोलतात कमी, पण बोलल्या की ते बोलणं घरात चार दिवस पुरतं. त्यांची काही वर्षांपूर्वी एक गाय गेली. तिला नाव नव्हतं, अक्का तिला नुसतं 'गाय' म्हणायच्या, पण तिला हाक मारताना त्यांचा आवाज आमच्या कुणाला हाक मारताना लागतो त्यापेक्षा बराच मऊ लागायचा. चार दिवस तिने चाऱ्याला तोंड लावलं नाही आणि पाचव्या दिवशी ती गेली. जनावरांच्या डॉक्टरांनी पोट उघडून दाखवलं. आतून पिशव्यांचा एक गच्च गोळा निघाला. एका पिशवीवरचा कापडदुकानाचा पत्ता अजून वाचता येत होता. आणि त्या गोळ्यात चंदेरी द्रोण होते. आमच्याच गावच्या भंडाऱ्याचे.

भंडारा म्हणजे हनुमान जयंतीचं गावजेवण. सगळं गाव एका पंगतीत बसतं आणि वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी जेवतं. पूर्वी पळसाच्या पानांचे द्रोण असत. मग थर्माकोलचे आले. ते बंद झाल्यावर आतून चमकणारे कागदाचे आले. ती चमक म्हणजे कागदावर चिकटवलेला प्लॅस्टिकचा पापुद्रा. जेवण झालं की हे सगळं उकिरड्यावर जातं आणि वरणाचा वास लागलेला द्रोण कुठली गाय सोडेल?

त्या वर्षापासून अक्का भंडाऱ्याला घरून स्टीलची वाटी घेऊन जाऊ लागल्या. ते नानांना खपलं नाही. नाना म्हणजे आमचे चुलत सासरे. अमळनेरला तेलाच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी गेली. सरकीचं तेल, शेंगदाण्याचं, करडईचं, ते नुसत्या वासावर ओळखतात आणि माणसंही तशीच ओळखतो असा त्यांचा दावा आहे. भंडाऱ्याचा कारभार त्यांच्याकडे. धोतर पांढरंशुभ्र, त्यावर डाग म्हणून ठाऊक नाही. मारुतीच्या पंगतीत घरची वाटी आणणं म्हणजे प्रसादाचा अपमान, असं त्यांचं म्हणणं. गावाच्या द्रोणात जेवा, नाहीतर जेवू नका.

अक्का जेवल्या नाहीत. त्या वाढायला उभ्या राहिल्या. पंगतीमागून पंगत वाढली, सगळं गाव उठलं, आणि मग घरी येऊन त्यांनी कालची भाकरी खाल्ली. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. माझ्या लग्नात पाचशे माणसांची बट्टी एकटीच्या देखरेखीखाली भाजून घेणारी ही बाई गावच्या पंगतीत बसत नव्हती आणि गावाला त्याची सवय होऊ लागली होती. मला त्या सवयीचाच राग यायचा.

एकदा दिवाळीत गेले असताना त्या मला म्हणाल्या, "तू कॉलेजमा शिकाडस ना? मंग असा द्रोन कर, जो गाय खाई."

एवढंच. पुढे त्या लसूण सोलत बसल्या.

आता हे मला सांगणं म्हणजे दारूगोळ्याला काडी दाखवणं. केळीचा घड कापला की खोड वाया जातं, हे मी लहानपणापासून बघत आले आहे. माझ्या भावाच्या बांधावर खोडं कुजत पडलेली असतात. मी त्याला फोन केला. त्याने खोडाच्या पट्ट्या काढून, वाळवून, केळी भरायच्या ट्रकमधून पोत्यातून पाठवल्या, आणि 'ताई, आता तू दोऱ्या वळणार का' असं विचारून घेतलं.

द्रोण करणं फारसं अवघड निघालं नाही. पट्ट्या बारीक कापायच्या, पापडखार घालून मोठ्या पातेल्यात उकळायच्या, धुवायच्या, कुटायच्या. लगदा झाला की तो स्टीलच्या वाटीवर उलटा थापायचा आणि गच्चीवर उन्हात ठेवायचा. घरातला मिक्सर मात्र त्यात कामी आला. नवऱ्याने त्याचं दोन दिवस सुतक पाळलं. वाळलेला द्रोण दिसायला खाकी, हाताला खरखरीत, अगदी गुणी. फक्त त्यात पाणी ओतलं की तो पाच मिनिटांत परत लगदा व्हायचा. जिथून आला तिथे जायची त्याला भारी घाई.

नेमकं इथेच घोडं पेंड खात होतं. मी निरनिराळं लावून पाहिलं. जवसाचं तेल लावलं, तर आठ दिवस वाळेना. डिंक लावला, तो पाणी लागताच सुटला. शेवटी मेण आणलं, सातपुड्यातल्या मधाच्या पोळ्याचं, रावेरच्या बाजारातलं. ते पातळ करून ब्रशने आतून फिरवलं, वरून गरम इस्त्रीची धग दिली, म्हणजे ते धाग्यांत मुरलं. मग पाणी ओतलं. अळूच्या पानावर राहतं तसं ते थेंब थेंब होऊन नुसतं इकडून तिकडे पळायला लागलं. द्रोण तिरका केला, पाणी निघून गेलं, आत बोट फिरवलं, कोरडं. मी द्रोणात पाणी भरून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं. तेवढंच पाणी, तेवढाच द्रोण.

मी त्याचा व्हिडिओ काढून गावाकडे पाठवला. वर लिहिलं, 'अक्का, यंदा तुम्ही पंगतीत बसणार.' हे लिहायचं काही नडलं नव्हतं. पण मला गप्प राहून जिंकता येत नाही.

नानांनी व्हिडिओ पाहिला आणि निरोप पाठवला. मळ्यात भरीत पार्टी ठेवू. पंचवीसेक माणसं, याच द्रोणांत जेवण. द्रोण टिकला तर भंडाऱ्याला हाच. नाही टिकला तर चंदेरी कागद, आणि परत हा विषय काढायचा नाही.

पार्टी रविवारी ठरली. गुरुवारी मला सहज वाटलं, आपण पाण्यानेच तपासतोय, एकदा रस्सा ओतून बघावा. घरी पातोड्यांची, म्हणजे बेसनाच्या वड्यांची, भाजी केली होती, आमच्या पद्धतीची, काळ्या मसाल्याची, वर बोटभर तर्री. ती द्रोणात ओतली आणि कपडे आवरायला गेले. परत आले तर द्रोणाचा तळ काळा पडलेला आणि खाली टेबलावर लाल तेलाचं थारोळं.

मी खुर्चीत बसले आणि स्वतःला मनसोक्त शिव्या दिल्या. बारावीच्या पोरांना मी दर वर्षी शिकवते, तेल आणि मेण एकाच भावकीतले. पाण्याला मेण दारात उभं करत नाही, पण तेल आलं की घरचा पाहुणा म्हणून आत घेतं. त्यात रस्सा गरम, म्हणजे मेण आणखी सैल. सगळं मला पाठ होतं. आणि मी महिनाभर द्रोणात पाणी ओतून टाळ्या पिटत होते. खानदेशात कोण द्रोणातून पाणी पितं? आमच्याकडे भाजीत पाणी किती हे कुणी विचारत नाही, तर्री किती हे विचारतात. ही चूक करायला खानदेशातच जन्मावं लागतं आणि शिवाय रसायनशास्त्र शिकावं लागतं.

सरळ मार्ग एकच होता. फोन उचलायचा, अक्कांना सांगायचं, द्रोण गळतो, पार्टी पुढे ढकला. मी फोन उचललासुद्धा. पण मला तो व्हिडिओ आठवला, त्यावरचं ते वाक्य आठवलं, आणि नानांची बारीकशी डोलणारी मान डोळ्यांपुढे आली. मी फोन ठेवला. मुलगी केक करते, तिच्याकडे पदार्थ झाकायची ती पारदर्शक, कांद्याच्या पापुद्र्यापेक्षाही पातळ प्लॅस्टिकची गुंडाळी असते. शनिवारी दुपारी घरात कुणी नसताना मी ती घेतली. प्रत्येक द्रोणात एक तुकडा बसवला, काठापर्यंत चेपला, मेण गरम करून त्यावर चिकटवला आणि काठाशी कातरीने साफ केला. दिसतसुद्धा नव्हता. काम इतकं सुबक झालं, की थोडा वेळ मला वाईट वाटायचं राहूनच गेलं.

तेव्हा मी मनाशी हिशेब मांडला होता तो असा. फक्त ही एक पार्टी निभवायची. जेवण झालं की 'तपासणीला' म्हणून सगळे द्रोण धुळ्याला परत आणायचे. हनुमान जयंतीला तीन महिने आहेत, तोवर खरा उपाय सापडेल. झाकली मूठ. गाय या हिशेबात कुठेच नव्हती. ज्या गायीसाठी हे सगळं चाललं होतं, तीच माझ्या डोक्यातून निघून गेली होती. हे आज लिहितानाही माझ्या कानाची पाळी गरम होते.

रविवारी मळ्यात पळाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांच्या, जाळावर वांगी भाजली गेली. भरीत झालं, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी झाल्या, आणि मोठ्या पातेल्यात पातोड्यांचा रस्सा. तो अक्कांनी मुद्दाम केला होता, तर्री पाहूनच घाम फुटावा असा. माणसं बसली. रस्सा वाढला गेला. नानांनी द्रोण उचलला आणि सगळ्यांदेखत आपल्या मांडीवर, त्या पांढऱ्या धोतरावर ठेवला.

"आते दखू," ते म्हणाले.

ते तासभर तसेच बसले. एक भाकरी खाल्ली, रस्सा मागून घेतला. दुसरी खाल्ली, परत मागून घेतला. मधूनमधून द्रोण उचलायचे, खालून बोट फिरवायचे, ते बोट नाकाशी न्यायचे आणि परत ठेवायचे. सगळे जेवायचं सोडून धोतराकडे बघत होते. मी डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढून घेतला होता. लोकांना वाटलं, नानांसमोर मर्यादा पाळतेय.

शेवटी नानांनी द्रोण बाजूला ठेवला आणि धोतर झटकलं. "कोरडं शे," ते म्हणाले. "मास्तरीन जितनी."

अक्का माझ्याजवळ आल्या. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी माझी अशी दृष्ट कधी काढली नव्हती. मला ते सहन होईना. खाई त्याला खवखवे म्हणतात, मला तर गळ्यापासून पोटापर्यंत खवखवत होतं.

मी घाईघाईने द्रोण गोळा करायला घेतले. "हे मी धुळ्याला नेते, अक्का. तपासायचे आहेत."

"तपासाले काय शे त्यामा?" अक्कांनी माझ्या हातातली टोपली घेतली. "गाय तपासी."

आणि सगळे उठले. गाय बांधावर बांधलेली होती, नवी, तांबूस. पंचवीस माणसं बोटं चाटत गायीकडे निघाली. नाना सर्वांत पुढे. "गाय खाई तव्हयच खरं," असं म्हणत होते. मी मागून चालताना जमेल ते बोलत होते. मिठाने गायीला त्रास होतो, मसाल्याने दूध नासतं, आज एकादशी आहे. एकादशी नव्हती. कुणी ऐकत नव्हतं.

अक्कांनी पहिला द्रोण गायीपुढे धरला. तिने जीभ बाहेर काढली, रस्सा चाटला आणि अख्खा द्रोण तोंडात घेतला.

पुढचं मी ठरवून केलेलं नाही. मी धावले आणि गायीच्या तोंडात हात घातला. आत मऊ, गरम आणि कानशीसारखी जीभ. हाताला द्रोणाचा काठ लागला, मी ओढला. द्रोण आला नाही, तो चावून झाला होता. आला तो पापुद्रा. तो आला आणि येतच राहिला. एक टोक गायीच्या दातांत आणि दुसरं माझ्या मुठीत, मधे ताणलेलं प्लॅस्टिक उन्हात चमकत होतं. गायीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मग तिने सोडलं आणि मी मागे बसकण मारली.

नाना वाकले, माझ्या मुठीतून तो पापुद्रा घेतला, दोन बोटांत चोळला. "तासभर मी मांडीवर हाई लीसन बसनू का?" त्यांनी विचारलं. कुणाला विचारलं ते कळलं नाही.

अक्कांनी टोपलीकडे पाहिलं. "बठ्ठासमा शे?"

"सगळ्यांत आहे," मी म्हणाले. आणि मग सगळंच सांगितलं. पाणी, तर्री, गुरुवारचं टेबल, शनिवारची दुपार. पुस्तकातली मराठी त्या दिवशी फार मोठी वाटली मला, संपता संपेना.

अक्का तिथेच मातीत बसल्या. टोपलीतला एकेक द्रोण घेऊन त्यातला पापुद्रा नखाने सोलू लागल्या. मीही बसले आणि सोलू लागले. एकेक पापुद्रा काढून त्या पदराच्या गाठीत ठेवत होत्या, वाऱ्याने उडू नये म्हणून. सोललेला द्रोण त्यांनी दोन्ही बाजूंनी निरखला आणि गायीपुढे टाकला. गायीने तो मिटक्या मारत खाल्ला. दुसराही खाल्ला.

सगळे सोलून झाल्यावर त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "गळका द्रोन माले चालता. खोटा नही चालस."

नानांनी घसा साफ केला. "गाय खास, हाई खरं शे," ते म्हणाले. "गळस, हाई बी खरं शे. हनुमान जयंतीलोंग दखू." त्यांच्याकडून इतकी दया मिळेल असं मला वाटलं नव्हतं. मग जाता जाता त्यांनी पुस्ती जोडली, की माझ्या हातचं काही पोटात घालायच्या आधी आता ते सोलून बघतील.

धुळ्याला परतताना एसटीत मी रडले. शेजारच्या अनोळखी बाईने काही न विचारता मला खिडकीची जागा दिली. फजितीचं मला इतकं नव्हतं. फजिती मला नवी नाही. पण तीन वर्षं उभ्याने वाढणाऱ्या बाईला मी बसवते म्हणाले, आणि तिच्या गायीच्या तोंडात तेच घातलं जे काढायला निघाले होते. मला माझी लाज वाटत होती आणि ती नानांसमोर वाटली त्यापेक्षा खिडकीशी एकटीला जास्त वाटली.

पंधरा दिवस अक्कांचा फोन नाही. मग आला. "ये," म्हणाल्या आणि ठेवला.

मी गेले. त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला नाही, एक टोपली ठेवली. जुनी, बांबूची, आतून कागदाच्या लगद्याने लिंपलेली. अशा टोपल्या आणि सुपं आमच्याकडे घरोघरी लिंपतात, फटींतून पीठ गळू नये म्हणून. कागद भिजवून कुटायचा, मेथी वाटून घालायची आणि वरून चिंचोक्याची खळ फिरवायची. चिंचोके भाजून, सोलून, दळून, पाण्यात शिजवले की होते ती चिकट पेज.

"हाई मनी सासूनी टोपली," अक्का म्हणाल्या. "कुरडया तळीसन यामाच ठेवस मी. खालतून हात लाव."

मी टोपली उलटी केली. वर्षानुवर्षं तळलेल्या कुरडया आणि पापड पोटात घेऊन बसलेली टोपली. बाहेरून बांबू कोरडा ठणठणीत, तेलाचा एक डाग नाही.

टोपली मांडीवर घेऊन मी हिशेब जुळवला. खळीचं आणि तेलाचं जमत नाही. खळ पाण्याच्या भावकीतली, पाणी दिसलं की विरघळेल, पण तेलाला ओळख देणार नाही. मेण नेमकं उलटं. म्हणजे आधी खळ लावायची, ती वाळली की वर मेण. पाणी मेणाशी अडेल, मेणातून निसटलेलं तेल खळीशी अडेल. दोन जावांसारखं. एकीला जे झेपत नाही ते दुसरी बघते. हे मी मोठ्याने बोलले आणि अक्का म्हणाल्या, "पहिले करी दखाड."

करून दाखवायला सहा आठवडे लागले. खळ जाड झाली की तडकायची, पातळ झाली की मुरून जायची. मेथी किती, हे अक्का चिमटीने सांगायच्या आणि मी काट्यावर मोजायचे, आणि दर वेळी त्यांची चिमूट बरोबर निघायची. या वेळी पाणी कुणी ओतलंच नाही. थेट तर्री. फार उकळता रस्सा मात्र मेणाला अजूनही नको होता, तेव्हा नानांनी फर्मान काढलं की भंडाऱ्याला वरण अर्धा तास आधी चुलीवरून उतरवायचं. नाहीतरी गाव दर वर्षी जीभ पोळून घेतं, असं त्यांचं मत. गावातल्या बायकांनी मिळून द्रोण थापले. माझा भाऊ पोती पाठवत राहिला आणि दोऱ्यांबद्दल विचारत राहिला.

हनुमान जयंतीला पंगती मांडल्या गेल्या. नाना देवळाच्या पायरीवर उभे. पहिलं वाढप सुरू होणार इतक्यात अक्का गाय घेऊन आल्या, शिंगांना रंग, गळ्यात घुंगरं. त्यांनी गठ्ठ्यातून एक द्रोण काढला. मला वाटलं गायीला देतील. त्यांनी तो माझ्यापुढे धरला.

"पहिले मास्तरीन," त्या म्हणाल्या. "मंग गाय."

सगळं गाव पंगतीत बसून बघत होतं. मी द्रोण हातात घेतला आणि काठाशी एक घास तोडायला गेले. तुटेना. दाढेखाली घेतला. चव आधी मेथीची, कडू, मग पापडखाराची, आणि मग नुसत्या दोरखंडाची. मी चावत राहिले. नाना खाली उतरून माझ्या तोंडाकडे लक्ष देऊन बघत होते, काही चमकतंय का म्हणून. मी गिळलं आणि तोंड उघडून दाखवलं. मग उरलेला द्रोण गायीला दिला. तिने तो माझ्यापेक्षा कितीतरी पटकन संपवला.

नानांनी हात वर केला आणि वाढप सुरू झालं. अक्कांनी गाय खांबाला बांधली, पाय धुतले आणि पंगतीच्या टोकाशी एका रिकाम्या जागेवर जाऊन बसल्या. दोन्ही बाजूंच्या बायका त्यांच्यासाठी सरकल्या. वरणाची बादली मी घेतली होती. त्यांच्या द्रोणात वरण घातलं, वर तूप घातलं.

अक्कांनी द्रोण उचलला. खालून बोट फिरवलं. ते बोट त्यांनी माझ्या नव्या साडीच्या पदराला पुसलं आणि पदर उलटून बघितला. पदर कोरडा होता.

मग त्यांनी बट्टी मोडली, वरणात बुडवली आणि खाल्ली. मी बादली धरून उभीच. डोळ्यांत पाणी होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"बस आते," त्या म्हणाल्या आणि शेजारी हात थापून जागा दाखवली.

मी बसले. त्यांनी माझ्या द्रोणात स्वतःच्या हाताने वाढलं. तेव्हापासून दर वर्षी पहिला द्रोण माझाच असतो, आणि गाव त्यासाठी पंगतीत थांबतं. यंदा नानांनी विचारलं, सोबत चटणी देऊ का.